बिस्मार्क आणि कामगारांचा विमा

इतिहासाचा मी पदवीधर अभ्यासक नव्हे. दहावीनंतर कारखान्यात लागलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वॉर्डातल्या सार्वजनिक वाचनालयात बसून. तेव्हा आजच्या विषयात राजवाड्यापेक्षा कारखान्याचे फाटक अधिक दिसले, तर आपण सांभाळून घ्यावे.

युनियनच्या कामात नवा होतो तेव्हा आमचे ज्येष्ठ पुढारी एक वाक्य हमखास सांगत: कामगारांना सक्तीचा विमा जगात प्रथम दिला तो जर्मनीच्या बिस्मार्कने, आणि दिला तो लाच म्हणून. मीही ते वाक्य फाटकसभांतून पुष्कळ वर्षे वापरले. टाळ्या पडत. पुढे मूळ हकीकत वाचू लागलो तेव्हा ध्यानात आले की वाक्य खोटे नाही, पण ते अर्ध्यावर तुटलेले आहे.

१८७१ साली प्रशियाच्या नेतृत्वाखाली जर्मन साम्राज्य उभे राहिले आणि पराभूत फ्रान्सकडून पाच अब्ज फ्रँकांची खंडणी येऊ लागली. आदल्याच वर्षी कंपनी काढण्यास लागणारी सरकारी परवानगीची अट रद्द झाली होती. मग काय विचारता! रेल्वे, बँका, खाणी, बिअरचे कारखाने, जे सुचेल त्याचे शेअर निघाले आणि पेन्शनरांपासून दुकानदारांपर्यंत सर्वांनी ते घेतले. फेब्रुवारी १८७३ मध्ये लास्कर नावाच्या उदारमतवादी सभासदाने, रेल्वेचे परवाने कोणाच्या ओळखीने मिळतात याचे वाभाडे प्रशियाच्या विधिमंडळात काढले. मे महिन्यात व्हिएन्नाचा बाजार कोसळला, आणि शरद ऋतूत बर्लिनचा. शेअरबाजाराला आवर घालणारा सुधारित कंपनी कायदा यायला १८८४ साल उजाडले. त्याच्या आधी, १८७९ साली, आली ती परदेशी लोखंडावर व धान्यावर जकात. लोखंड कारखानदाराचे, धान्य जमीनदाराचे, आणि भाकरी मात्र विकत घेणाऱ्याची. राय नावाच्या धान्यावर शंभर किलोस एक मार्क असलेली ही जकात १८८७ पर्यंत पाच मार्कांवर गेली. बिस्मार्क स्वतः मोठा जमीनदार होता, हे येथे विसरू नये.

आता निवडणुकांकडे वळू. साम्राज्याच्या लोकसभेसाठी, म्हणजे राइशटागसाठी, पंचवीस वर्षांवरील प्रत्येक पुरुषास गुप्त मताचा अधिकार होता. तो बिस्मार्कनेच दिला होता. त्याचा हिशेब असा की खेड्यातला शेतकरी राजनिष्ठ. तो मत देईल तर शहरी उदारमतवादी मागे पडतील. प्रशियाच्या विधिमंडळासाठी मात्र करभरण्याप्रमाणे मतदारांचे तीन वर्ग तसेच ठेवले. एस्सेन शहराच्या नगरपालिकेत तर काही वर्षे पहिल्या वर्गात क्रुप हा पोलादाचा कारखानदार एकटाच मतदार होता आणि एकतृतीयांश सभासद तो एकटा निवडीत असे! पण खेड्यातला माणूस खेड्यातच राहील हा हिशेब चुकला. तो गिरण्यांत आणि खाणींत आला. १८७७ च्या निवडणुकीत समाजवाद्यांस सुमारे ४ लाख ९३ हजार मते पडली.

पुढच्याच वर्षी दोन गोळीबार झाले. ११ मे १८७८ रोजी हेडेल नावाच्या पोराने एक्याऐंशी वर्षांच्या सम्राटावर गोळी झाडली. ती लागली नाही. समाजवादी पक्षाने त्याला आधीच काढून टाकले होते. तरी त्या पक्षाविरुद्ध कायद्याचा मसुदा आला. राइशटागने तो फेटाळला. २ जून रोजी नोबिलिंग नावाच्या सुशिक्षित गृहस्थाने सम्राटास खरोखरच जबर जखमी केले. बिस्मार्कने राइशटाग बरखास्त करून भयाच्या वातावरणात निवडणूक घेतली आणि ऑक्टोबरात २२१ विरुद्ध १४९ मतांनी कायदा करून घेतला. दोन माणसांचा गुन्हा लाखो माणसांच्या नावे मांडण्यात आला. सभा बंद, वर्तमानपत्रे बंद, बहुतेक समाजवादी कामगार-संघ विसर्जित. बर्लिन, हँबुर्ग, लाइपझिग येथून सुमारे नऊशे लोक हद्दपार झाले. त्यांतले पुष्कळ बायकामुलांचे धनी होते.

या हद्दपारांत आउगुस्ट बेबेल होता. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. धंद्याने कातारी, लाइपझिगला त्याची छोटी कार्यशाळा होती आणि तीत म्हशीच्या शिंगांच्या दरवाजाच्या मुठी बनत. त्याला १८८१ साली घर सोडावे लागले. पण कायद्यात एक फट राहिली होती: निवडणुकीस उभे राहण्यास बंदी नव्हती आणि राइशटागमधले भाषण छापणे गुन्हा नव्हता. बाहेर जे बोलता येत नसे ते बेबेल सभागृहात बोले. पक्षाचे पत्र झुरिकला छापून चोरवाटांनी जर्मनीत येई.

चाबूक पुरत नाही हे बिस्मार्कनेही ओळखले. १७ नोव्हेंबर १८८१ च्या सम्राटाच्या संदेशात विम्याची घोषणा झाली. १८८३ साली आजारपणाचा विमा, १८८४ साली अपघाताचा, १८८९ साली वार्धक्याचा व अपंगत्वाचा. आजारी कामगारास तेरा आठवडे अर्धी मजुरी मिळू लागली. म्हातारपणाचे पेन्शन सत्तराव्या वर्षी. तोवर किती कामगार जगत असत हे श्रोत्यांनीच ताडावे. समाजवादी नसते आणि त्यांची भीती नसती, तर ही सुधारणा झालीच नसती, अशी कबुली बिस्मार्कने १८८४ साली भर सभागृहात दिली. कामाचे तास कमी करणे, रविवारची सुट्टी, यांस मात्र त्याचा विरोधच होता. आजारी मजुराला पैसे देऊ, कारखान्यात लुडबूड नको!

समाजवादी सभासदांनी तिन्ही कायद्यांविरुद्ध मते दिली. लाच घेणार नाही, हा बाणा. येथवर माझे फाटकावरचे भाषण बरोबर होते.

तुटलेले अर्धे १८८३ च्या कायद्यातल्या एका रुक्ष कलमात आहे. आजार-फंडाच्या वर्गणीचे दोन भाग कामगाराने भरायचे, एक भाग मालकाने. आणि फंडाच्या कारभारी मंडळातल्या जागाही त्याच प्रमाणात. म्हणजे तीनपैकी दोन खुर्च्या कामगारांच्या, त्याही निवडणुकीने. आरंभी कामगार दूर राहिले. आपल्या स्वतंत्र मदत-फंडांत राहणे त्यांनी पसंत केले. नव्वदच्या दशकात मात्र ते स्थानिक फंडांत शिरले आणि बहुमताने बसले. डॉक्टर कोणता नेमावा, कारकून कोण, दावा का नाकारला, हे कामगार विचारू लागला. मालकाच्या काळ्या यादीत गेलेल्या कार्यकर्त्यास फंडाच्या कचेरीत नोकरी मिळू लागली. ज्या हाताने संघटना मोडायची त्याच हाताने बिस्मार्कने तिला हिशेबाची वही दिली होती.

तोवर तो स्वतः राहिला नव्हता. फेब्रुवारी १८९० च्या निवडणुकीत समाजवाद्यांना १४ लाखांवर मते पडली, मार्चमध्ये बिस्मार्क गेला, आणि सप्टेंबरअखेर तो कायदाही संपला.

हे वाचण्याआधीची माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे. एका लहान कारखान्यात आमची युनियन होती. आपल्याकडच्या १९४८ च्या राज्य विमा कायद्याने आजारी कामगारास वर्षात ९१ दिवसांपर्यंत रोख भत्ता दिला. ९१ दिवस म्हणजे तेच तेरा आठवडे. पण मी तेथे सांगत असे, ही सरकारची भीक आहे, आपली लढाई पगारवाढीची. विम्याच्या कागदांकडे आमच्यापैकी कोणी पाहिले नाही. मग एकाला क्षय झाला. पगारपत्रकावर कपात दर महिन्यास दिसत होती, परंतु पैसे भरलेच गेले नव्हते. दावा परत आला. मालकावर मोर्चा नेला, त्याने भरपाई केली, पण सात महिने उशिरा. तोवर त्या घरातले मंगळसूत्र गेले होते. मालकाचा अपराध होताच. पण दोन वर्षे ते पत्रक माझ्याही हाताखालून गेले होते. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी वर्गणीचा भरणा तपासायला आम्ही दोन माणसे नेमतो. आपल्या विमा महामंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असतात, पण ते निवडून येत नाहीत. संघटनांस विचारून सरकार नेमते.

जर्मनीत पुढे काय झाले तेही पाहावे. १९३३ साली हिटलर आला. विमा त्याने बंद केला नाही. पेन्शने चालू राहिली. फंडांतले समाजवादी कर्मचारी काढून टाकण्यात आले, आणि १९३४ च्या कायद्याने निवडलेली मंडळे जाऊन तेथे वरून नेमलेला एकेक अधिकारी बसला. १९५१ साली पश्चिम जर्मनीत निवडणुकीच्या खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. आता वर्गणी निम्मी निम्मी झाली होती, म्हणून खुर्च्याही निम्म्याच मिळाल्या.