पहिल्यांदा पणजीला येताय? ‘हे आधी कुठं होतं?’ असं विचारत फिरा

पुण्या-मुंबईहून, बेळगावहून किंवा इंदूर-बडोद्याहून कुणी पहिल्यांदा गोव्याला निघालं, की पणजीसाठी अर्धा दिवस काढून ठेवतं. चर्चच्या पायऱ्यांवर एक फोटो, फोन्ताईन्हासच्या रंगीत भिंतींसमोर दोन-चार, संध्याकाळी मांडवीतली बोट, की पुन्हा किनारा. यात वाईट काही नाही. पण एवढ्यावर परत गेलेला माणूस घरी सांगतो की पणजी हे चारशे-साडेचारशे वर्षांचं पोर्तुगीज शहर आहे. आणि हे काही खरं नाही.

पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला २२ मार्च १८४३ च्या राजाज्ञेनं. पोर्तुगीज सत्ता गेली १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे पोर्तुगीज राजधानी म्हणून हिचं आयुष्य जेमतेम ११८ वर्षांचं. त्याआधीची शतकं राजधानी होती ती नऊ-दहा किलोमीटरवरच्या जुन्या गोव्यात, आणि पणजी म्हणजे ताळगावाला लागून असलेली नारळीची बागायत, दलदल, खाजनं आणि नदीकाठचा एक आदिलशाही वाडा. जुन्या गोव्यात रोगराईनं माणूस टिकेना, तेव्हा १७५९ मध्ये व्हाइसरॉय या वाड्यात राहायला आला. पुढं मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो यानं आपल्या कारकिर्दीत, १८२७ ते १८३५ च्या दरम्यान, दलदली बुजवल्या आणि सरळ रस्ते आखले. तिकडं जुन्या गोव्यातले वाडे आणि मठ पडत होते, इकडं त्यांचेच चिरे नव्या बांधकामाला येत होते.

तेव्हा पणजीत फिरताना आमचा सल्ला एकच. समोर जे दिसेल, त्याबद्दल ‘हे आधी कुठं होतं?’ एवढं विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच गावाचं निघतं.

सुरुवात शक्यतो जुन्या गोव्याहून बसनं येऊन करावी, आणि ती सकाळीच. पणजीचं ऊन अकरानंतर अंगावर येतं आणि दुपारी एक ते तीन-साडेतीन बरीच दुकानं मिटलेली असतात, पणजीकर त्या वेळात जेवून आडवे होतात. रायबंदर सोडलं की बस एका लांब बांधावरून जाते, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. घाईत हा नुसता रस्ता वाटतो. पण हा १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश यानं बांधवलेला पूल आहे, साधारण तीन किलोमीटरचा, आणि आजही वाहता आहे. पणजीला राजधानी होण्याआधी दोनशे वर्षं हा झाला. शहर ज्या वाटेनं जुन्या गोव्याहून इकडं आलं, ती वाट हीच.

बसस्थानकाच्या पलीकडं पाटोवर राज्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची मोठी इमारत आहे. सहलीच्या यादीत ग्रंथालय नसतं, पण मराठी वाचणाऱ्यानं अर्धा तास काढावाच. १८३२ मध्ये हे सार्वजनिक ग्रंथालय म्हणून सुरू झालं. लगेचच, १८३४-३५ च्या सुमारास, पोर्तुगीज सरकारनं धार्मिक संघ बरखास्त केले आणि मठांतली पुस्तकं इथं आली. म्हणजे इथला मूळ साठाही हलवलेलाच. आज या ग्रंथालयाला कृष्णदास शामा यांचं नाव आहे. केळशीच्या या कवीनं १५२६ मध्ये ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ रचायला घेतली, ओवीबद्ध आणि मराठीत. पोर्तुगीजांनी तिसवाडी घेऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती, पण केळशी ज्या साष्टीत येतं ती अजून त्यांच्याकडं गेलेली नव्हती.

ओरेमची खाडी ओलांडली की फोन्ताईन्हास. इथं मात्र हळू चालावं आणि हळू बोलावं. ही घरं म्हणजे देखावा नव्हे, आत माणसं राहतात, आणि खिडकीशी उभं राहून फोटो काढणाऱ्यांना ती कंटाळलेली आहेत. हे नाव आल्तिनोच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून पडलं. ही सगळी जागा आधी एकाच माणसाच्या नारळीच्या बागेची होती, आंतोनियो जुआंव द सिकेरा त्याचं नाव. मोझांबिकमध्ये पैसा करून तो परतला, म्हणून लोक त्याला ‘मॉसमीकर’ म्हणत. नाव पोर्तुगीज, पैसा आफ्रिकेतला आणि आडनाव मात्र आपल्या ‘कर’चं! एखाद्या वस्तीचा इतिहास इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं टोपणनाव आम्हाला तरी माहीत नाही.

याच भागात सांत सेबॅस्त्यांवचं लहानसं कपेल आहे. आतला मोठा क्रूस बघा. येशूचे डोळे एरवी मिटलेले असतात, इथं ते उघडे आहेत. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. ज्यांची चौकशी व्हायची, त्यांच्यासमोर तो असे. इन्क्विझिशन कायमचं बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला, आणि १९१८ मध्ये व्हाइसरॉयांच्या जागी आलेले गव्हर्नर काबोला राहायला गेल्यावर या कपेलात. आज लोक त्याच्यासमोर शांतपणे मेणबत्ती लावतात.

याच वस्तीतून ‘३१ जानेवारी’ नावाचा रस्ता जातो. ही तारीख पोर्तुगालमधल्या पोर्तु शहरात १८९१ मध्ये प्रजासत्ताकवाद्यांनी केलेल्या उठावाची. शहराच्या मध्यावर गेलात की ‘१८ जून’ रस्ता लागतो. ती तारीख १९४६ ची, मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली त्या दिवसाची. दोन्ही पाट्या एकाच शहरात सुखानं नांदतात.

पुढं मळ्यातून मारुतीचं देऊळ वर ठेवून चर्चकडं यावं. चर्चची जागा जुनी, १५४१ पासूनची, आताची इमारत १६१९ च्या सुमाराची. पायऱ्या मात्र एकोणिसाव्या शतकातल्या. सगळे पायऱ्यांचा फोटो काढतात, पण मान वर करून घंटा बघत नाहीत. ही घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. त्या चर्चचं छप्पर १८४२ मध्ये कोसळलं, आज तिथं फक्त एका मनोऱ्याचा अर्धा भाग उभा आहे. घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ मध्ये इथं आली. गोव्यात हिच्याहून मोठी घंटा एकच, जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलची.

चर्चसमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता या वैद्याचं नाव आहे. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. तो मूळचा ज्यू कुटुंबातला. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशननं त्याची हाडं उकरून जाळली. बागेतल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. या दोन ओळी बागेत बसून वाचाव्यात म्हणून लिहिल्या, एरवी तिथं बघण्यासारखं फार नाही.

आता पणजीतल्या आमच्या आवडत्या जागेकडं, म्हणजे महालक्ष्मीच्या देवळाकडं. बाहेरून आलेल्याला हे साधं, गजबजलेलं, शहरी देऊळ वाटेल. पण थोडा हिशेब करा. सोळाव्या शतकात तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि लोक रातोरात देव घेऊन नदीपार, आदिलशाही मुलखात गेले. ताळगावची महालक्ष्मी डिचोली महालातल्या मये गावी गेली असं सांगितलं जातं. त्यानंतर अडीचशे वर्षं तिसवाडीत देऊळ बांधायला परवानगी नव्हती. ती मिळाली १८१८ मध्ये, ती या देवळाला. त्याच वर्षी इकडं पेशवाई बुडाली. हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाच्या लक्षात राहतो खरा.

परवानगी काही पाझर फुटून मिळाली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे असे हिंदू वस्तीचे महाल पोर्तुगीजांकडं आले होते, आणि तिथली देवळं राखायची हमी सरकारला द्यावी लागली होती. शिवाय पणजीत बसलेल्या सरकारला पैसा, माल आणि दुभाषी पुरवणारे व्यापारी हिंदूच होते. म्हणजे देव गेले तेव्हा भीतीनं गेले, आणि देवी आली तेव्हा तिच्यामागं दुकानदारांची खातेवही होती, असं आमचं मत. मंडळातल्या काहींना ही मांडणी कोरडी वाटते. पण पुढचा मुक्काम बघितलात तर ती पटावी.

नदीकाठी आदिलशाही राजवाड्याच्या अगदी शेजारी म्हामाय कामतांचं मोठं घर आहे. खाजगी आहे, बाहेरूनच बघावं. व्हाइसरॉयच्या भिंतीला भिंत लावून या घराण्याची पेढी चालायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली त्यांची कागदपत्रं पर्वरीच्या झेव्हियर संशोधन केंद्रात गेली, आणि त्यांत पोर्तुगीज आहे, फ्रेंच आहे, मोडीतली मराठी आहे. मॉरिशसच्या फ्रेंचांशी व्यवहार, दमणमार्गे अफू, आणि गुलामांची खरेदी-विक्रीसुद्धा. हे शेवटचं आपल्याकडं कुणी मोठ्यानं सांगत नाही. पण मोडी वाचता येणं अभिमानाचं असेल, तर त्या मोडीत काय लिहिलंय हेही वाचावं लागेल. गोव्याच्या इतिहासाला या कागदांकडं बघायची सवय लावली ती पांडुरंग पिसुर्लेकरांनी. १९३० पासून त्यांनी इथलं दफ्तर सांभाळलं आणि पोर्तुगीज-मराठे संबंध मूळ कागदांवरून मांडले.

राजवाडा स्वतः युसुफ आदिलशहाचा, १५०० च्या सुमाराचा. पुढं सचिवालय, मग २००० पर्यंत विधानसभा, आता प्रदर्शनं भरतात. त्याच्या बाजूला काळा, थोडा भीतीदायक पुतळा दिसेल. एक पाद्री हात पसरून उभा, समोर बाई कोसळलेली. हे आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेले, १८१९ मध्ये पॅरिसला वारलेले, संमोहनाचे आद्य अभ्यासक. लिस्बनच्या दरबारी प्रवचन देताना ते बावरले, तेव्हा बापानं हळूच कोंकणीत सांगितलं म्हणे, की समोरची सगळी भाजी आहे असं समज आणि काप. गोष्ट खरी असो वा नसो, गोव्यात ती प्रत्येकाला येते. पुतळा १९४५ चा, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी केलेला.

तिथून आझाद मैदान पाच मिनिटांवर. मधल्या मंडपाचे खांब नीट बघा, नक्षीदार माथ्याचे. १८४७ मध्ये हा मंडप बांधला तेव्हा ते जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणले. मंडपात अफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. मुक्तीनंतर तो उचलून जुन्या गोव्याच्या संग्रहालयात ठेवला. म्हणजे खांब तिकडून इकडं आले आणि पुतळा इकडून तिकडं गेला! आता मंडपात टी. बी. कुन्हांच्या अस्थी आहेत.

मैदानासमोरच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात निळ्या-पांढऱ्या फरशांवर कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत, १९३५ चे, जॉर्ज कोलासो यांचे. ते बघाच. पण मराठी माणसानं या इमारतीची आणखी एक आठवण ठेवावी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाची मोजणी इथं झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावं म्हणणारी मतं १,३८,१७०. वेगळं राहावं म्हणणारी १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. त्या दिवशी बाहेर जमलेल्या गर्दीत दोन्ही बाजूंचे लोक होते, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत संध्याकाळी देवापुढं आरत्या बहुधा मराठीतच म्हटल्या गेल्या. पाहुण्यानं इथल्या माणसाशी ‘मराठी की कोंकणी’ हा वाद उकरू नये. दोन्ही ऐकाव्यात.

आता भूक लागली असेल. मैदानाच्या मागच्या गल्ल्यांत कुठल्याही गर्दीच्या हॉटेलात पातळ भाजी आणि पाव मागवा, वर चहा. उन्हं उतरेपर्यंत सावलीत बसा, किंवा बेतीच्या फेरीबोटीनं नदीपार जाऊन त्याच बोटीनं परत या. पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत, आणि पाण्यावरून बघितलं की आल्तिनोचा डोंगर, चर्च आणि राजवाडा एका नजरेत येतात.

उन्हं कलल्यावर कांपालवरून मिरामारकडं चालत सुटावं. वाळूत शिरण्याआधी भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी लागते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, विलीनीकरणाचे पुढारी. कौल त्यांच्या विरोधात गेला आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. समाधीपाशी सहसा गर्दी नसते, सगळे सूर्यास्ताकडं गेलेले असतात.

परतताना कला अकादमीच्या दारातला फलक वाचा. चार्ल्स कोरियांची ही इमारत, आतल्या नाट्यगृहाला मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचं नाव. मराठी नाटकाचा प्रयोग लागला असेल आणि तिकीट मिळत असेल, तर संध्याकाळची बस खुशाल सोडा.