काळी अभिक्रिया आणि चेतापेशीचा शोध

मज्जाविज्ञान शिकायला घेतले की बहुधा पहिल्याच धड्यात चेतापेशीची आकृती भेटते: मधोमध पेशीकाय, त्याला फुटलेल्या वृक्षिका आणि एका बाजूने दूरवर गेलेला अक्षतंतू. आज शाळेतली मुलेही ती काढतात. पण मेंदू अशा सुट्या पेशींचा बनलेला आहे, हे पटायला एकोणिसावे शतक सरत आले.

पेशी दिसतच नव्हत्या, असे नव्हे. पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये लहान मेंदूतल्या मोठ्या पेशींचे वर्णन केले होते. ऑटो डायटर्स यांनी सुईच्या टोकाने एकेक पेशी सोडवून तिचा अक्षतंतू इतर शाखांपासून वेगळा ओळखला. ते काम त्यांच्या मृत्यूनंतर, १८६५ मध्ये प्रसिद्ध झाले. अडचण होती ती दाटीची. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि त्यांचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. नेहमीच्या रंगांनी पेशीकाय उठून दिसे, पण तंतू जरा पुढे गेला की गर्दीत हरवून जाई. ज्याचा शेवट दिसत नाही तो शेजारच्या तंतूत मिसळत असणार, असे मानणे ओघाने आले. श्वान यांनी १८३९ मध्ये मांडलेला पेशीसिद्धांत शरीराच्या इतर भागांना लागू पडला. मेंदू मात्र अपवाद ठरला. योझेफ फोन गेरलाख यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकांनी तर मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे, असे ठामपणे मांडले.

कोंडी फुटली ती एका आडगावच्या इस्पितळात. कामिल्लो गोल्जी हे पाव्हिया विद्यापीठात शिकलेले डॉक्टर. १८७२ मध्ये मिलानजवळच्या अब्बियातेग्रास्सो इथे, असाध्य रुग्णांच्या इस्पितळात त्यांनी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा घेतली. प्रयोगशाळा नव्हतीच, राहत्या घराच्या स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक आणि थोडी उपकरणे मांडून ते काम करीत. तिथेच त्यांना ‘काळी अभिक्रिया’ सापडली आणि १८७३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली.

कृती कागदावर सोपी आहे. मेंदूचे छोटे तुकडे पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात मुरू द्यायचे, घट्ट झाले की सिल्व्हर नायट्रेटच्या सौम्य द्रावणात ठेवायचे. दोन्ही रसायनांच्या संयोगाने सिल्व्हर क्रोमेट तयार होते आणि काही पेशींच्या आत साचून त्यांना काठोकाठ भरते. मग तुकड्याचे जाडसर काप काढून भिंगाखाली धरायचे. पिवळसर, जवळजवळ पारदर्शक पार्श्वभूमीवर एखादीच पेशी शाईने रेखाटल्यासारखी काळीभोर उभी राहते, अगदी बारीक फांदीपर्यंत. या पद्धतीचे खरे मोल तिच्या अपुरेपणात आहे. शंभरातल्या मोजक्याच पेशी काळ्या पडतात, बाकीच्या अदृश्य राहतात. सगळ्याच रंगल्या असत्या तर कापात काळ्या डागापलीकडे काही दिसले नसते. त्याच पेशी का रंगतात, याचे पुरते उत्तर अजूनही मिळालेले नाही.

एवढे साधन हाती असूनही गोल्जी जाळ्याच्याच पक्षात राहिले. वृक्षिका सुट्या संपतात, हे त्यांनी पाहिले होते. पण त्यांचे काम पेशीला पोषण पुरवण्याचे आहे, असे त्यांचे मत होते. संदेशवहनासाठी अक्षतंतूंच्या उपशाखा एकमेकींत मिसळून सलग जाळे बनते, असे ते मानीत. मेंदू एकसंध काम करतो, या त्यांच्या धारणेला हे चित्र जुळणारे होते.

तेच काप दुसऱ्याने वेगळ्या डोळ्यांनी पाहिले. सांतियागो रामोन इ काखाल यांचा जन्म १८५२ चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन या खेड्यातला. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शरीररचना शिकवणाऱ्या वडिलांनी त्यांना वैद्यकाकडे वळवले. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमार्रो यांच्याकडे त्यांनी गोल्जी पद्धतीचे काप पाहिले आणि त्यानंतर बार्सिलोनात त्यांनी हे एकच काम धरले. त्यांनी दोन सुधारणा केल्या. रसायनांची प्रक्रिया ते पुन्हा एकदा करीत, त्यामुळे रंग भरवशाने चढे. शिवाय भ्रूण आणि पिल्ले यांचे मेंदू त्यांनी निवडले, कारण अक्षतंतूवर मायलिनचे वेष्टन चढले की रंग आत शिरत नाही.

पक्ष्याच्या लहान मेंदूत त्यांना हवे ते सापडले. काही पेशींचे अक्षतंतू पुर्किन्ये पेशींच्या कायेभोवती टोपलीसारखे विणले जातात, तिला बिलगतात, पण तिच्यात मिसळत नाहीत. मे १८८८ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष पदरमोड करून काढलेल्या नियतकालिकात छापले. त्या अंकाच्या प्रती होत्या अवघ्या साठ. स्पॅनिशमधले हे काम युरोपात वाचले जाईना, तेव्हा १८८९ मध्ये ते सूक्ष्मदर्शक आणि काप घेऊन बर्लिनच्या शरीररचनाशास्त्रज्ञांच्या सभेला गेले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला ते दाखवू लागले. वुर्झबर्गचे ज्येष्ठ अभ्यासक अल्बर्ट फोन क्योलिकर यांनी भिंगातून पाहिले आणि ते काखाल यांच्या बाजूचे झाले.

विल्हेल्म हिस आणि ऑगस्ट फोरेल यांनीही वेगळ्या वाटांनी पेशी स्वतंत्र असल्याचे म्हटले होते. हे सारे पुरावे एकत्र करून १८९१ मध्ये वाल्डेयर यांनी ‘न्यूरॉन’ हे नाव रूढ केले. संदेश वृक्षिकांकडून पेशीकायेकडे आणि तिथून अक्षतंतूत जातो, हा नियमही काखाल यांनी त्याच सुमारास मांडला. दोन पेशी जिथे भेटतात त्या जागेला १८९७ मध्ये शेरिंग्टन यांनी ‘सायनॅप्स’ म्हटले.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काखाल यांना विभागून मिळाले. स्टॉकहोममधल्या व्याख्यानात गोल्जींनी न्यूरॉन सिद्धांतावरच टीका केली. दुसऱ्या दिवशी काखाल यांनी त्याच सिद्धांताचे पुरावे मांडले. पेशींमधली फट मात्र त्या काळच्या कोणत्याही भिंगाला दिसणारी नव्हती. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दाखवली: रुंदी सुमारे २० नॅनोमीटर. तोवर काखाल यांच्या मृत्यूलाही वीसएक वर्षे झाली होती. त्याच दशकाच्या अखेरीस क्रेफिशच्या चेतासंस्थेत असे सायनॅप्सही आढळले, जिथे विद्युत् संदेश एका पेशीतून दुसरीत थेट जातो. तिथेही पेशी दोनच राहतात. त्यांच्या पटलांना जोडणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांतून प्रवाह वाहतो.