दिलीप प्रभावळकर
दिलीप प्रभावळकर (जन्म : ४ ऑगस्ट १९४४) हे मराठी अभिनेते व लेखक आहेत. १९७०च्या दशकात मुंबई दूरदर्शनवरील विनोदी मालिकेत त्यांनी चिं. वि. जोशी यांचा चिमणराव साकारला. गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे होते. पुढे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१-०४) या केदार शिंदे दिग्दर्शित मालिकेत ते आजोबा झाले. चिमणराव दुसऱ्या लेखकाचे होते. टिपरे आजोबा मात्र प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या रोजनिशीवजा लेखनातून आले. दोन्ही मालिकांतील विनोद मध्यमवर्गीय घरातल्या साध्या प्रसंगांतून फुलतो. स्वलिखित ‘हसवाफसवी’ नाटकात त्यांनी सहा भूमिका केल्या. ‘लगे रहो मुन्नाभाई’तील गांधीजी आणि ‘शेवरी’तील भूमिकेसाठी त्यांना २००६ सालचा सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.