निवडरचना

पर्याय किती आहेत, कोणत्या क्रमाने येतात आणि आधीच कोणत्या पर्यायावर खूण केलेली असते, यांवर माणसाचा निर्णय बराचसा ठरतो. पर्यायांच्या या मांडणीला निवडरचना म्हणतात. रिचर्ड थेलर व कॅस सन्स्टीन यांच्या ‘नज’ (2008) या पुस्तकामुळे ही संकल्पना सर्वदूर पोहोचली. तिचा पाया मात्र जुना आहे. माणूस सर्व पर्याय तोलत बसत नाही, पुरेसा चांगला मिळाला की थांबतो, हे हर्बर्ट सायमन यांनी 1950च्या दशकात मांडले. मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीची बोच अधिक असते, हे डॅनिएल कानेमन व एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवले.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाच्या घरांची ऑनलाइन सोडत हे या विषयाचे जवळचे उदाहरण आहे. 2018च्या 14,838 घरांच्या योजनेत उरण तालुक्यातील द्रोणागिरीसह तळोजा, खारघर, कळंबोली व घणसोली येथील घरे होती. ती आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक व अल्प उत्पन्न गटासाठी होती. ऑक्टोबर 2024 मधील 26,000 घरांच्या योजनेत अर्जदाराला 15 पसंतीक्रम देण्याची मुभा मिळाली. मुभा वाढली तसा निर्णयाचा भारही वाढला. पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ वाढतो, हा विल्यम हिक यांचा 1952 मधील निष्कर्ष. म्हणूनच असे अर्ज टप्प्याटप्प्याने भरून घेणे सोयीचे ठरते. पण टप्प्यांचा क्रमही तटस्थ नसतो. आधी ठिकाण विचारले तर स्टेशनचे अंतर मनात ठसते, आधी किंमत विचारली तर कर्जाचा हप्ता. आयुष्यभराची बचत पणाला लागते तिथे दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी दिसणे, हा अर्जदाराचा हक्कच मानायला हवा.

निवडरचनेतील सर्वांत प्रभावी साधन म्हणजे आधीच केलेली निवड. बहुतेक लोक ती बदलत नाहीत. अवयवदानाला संमती गृहीत धरणाऱ्या देशांत संमती असलेल्यांचे प्रमाण स्वतः नाव नोंदवावे लागणाऱ्या देशांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे एरिक जॉन्सन व डॅनियल गोल्डस्टीन यांनी 2003 मध्ये दाखवून दिले.

हेच ज्ञान ग्राहकाला फसवण्यासाठीही वापरले जाते. अशा मांडणीला हॅरी ब्रिग्नल यांनी 2010 मध्ये ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. खोटी घाई लावणे, न मागितलेली वस्तू खरेदीत घुसवणे, शुल्क शेवटच्या टप्प्यावर उघड करणे हे त्याचे नेहमीचे प्रकार. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे 13 प्रकार निषिद्ध ठरवले.