नागमोडी रेघ

आमच्या विद्वन्मंडळींत एक जुनी समजूत आहे, कीं अपुरें लिहिण्यापेक्षां न लिहिलेलें बरें. आणखी एक साधन हातीं येऊं द्या, आणखी एक शंका फिटूं द्या, मग छापूं, असें म्हणतां म्हणतां टिपणांना वाळवी लागते. उलट पक्षीं, हातीं येईल तें छापून मोकळें होणारांचीही वाण नाहीं. या दोहोंमध्यें थांबण्याची योग्य जागा कोणती, हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा इतिहास आठवतो.

१९१९ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें हें कार्य हातीं घेतलें. शारदा, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळी अशा नाना लिपींतील पोथ्या देशभर विखुरलेल्या. नकला करणारांनीं शतकानुशतकें शब्द बदललेले, श्लोक घातलेले. सतराव्या शतकांत नीलकंठ चतुर्धरांनीं काशीस राहून ठिकठिकाणच्या पोथ्या जमविल्या व त्यांतून उत्तम वाटले ते पाठ घेऊन आपली टीका रचिली. परंतु पाठ उत्तम असणें आणि जुना असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत.

१९२५ सालीं संपादनाची धुरा डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांजकडे आली. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला प्राच्यविद्या शिकून आलेला हा पुरुष काटेकोरपणाचा मूर्तिमंत पुतळा. अशा मनुष्यास व्यासांची मूळ संहिताच शोधून काढण्याचा मोह पडता, तर काम कधींच पुरें झालें नसतें. १९३३ मध्यें पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं आपली मर्यादा स्वच्छ सांगितली: उपलब्ध पोथ्यांच्या आधारें जितकें मागें जातां येईल, तितकें जुनें रूप द्यावयाचें, त्यापलीकडचा दावा करावयाचा नाहीं. जेथें पाठ संशयित, तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ. वगळलेले श्लोकही फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत ठेविले, कीं पुढच्या अभ्यासकास निर्णय तपासतां यावा.

आमच्या मतें या कार्याचें मर्म त्या रेघेंत आहे. तींत आळस नाहीं, कीं शरणागतीही नाहीं. आपली खात्री कोठें संपते याची ती प्रामाणिक कबुली आहे. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यावर नेपाळची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली आणि तिनें सुकथनकरांच्या अनेक निर्णयांस दुजोरा दिला. ती विरुद्ध जाती, तरी दुरुस्तीची वाट त्यांनीं मोकळी ठेविलीच होती.

१९४३ च्या जानेवारींत सुकथनकर वारले. त्यांनीं स्वतः संपादिलेलीं आदि व आरण्यक हीं दोनच पर्वें तोंवर बाहेर आलीं होतीं. परंतु नियम छापून ठेविलेले असल्यानें काम अडलें नाहीं, डॉ. बेलवलकर व पुढें डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं तें चालविलें, आणि १,२५९ पोथ्या पाहून सिद्ध झालेली आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. ४७ वर्षें लागलेल्या कार्यास घाईचें कोण म्हणेल? पण शेवटच्या पोथीची वाट पाहत बसते, तर उत्तराधिकाऱ्यांच्या हातीं टिपणांचे गठ्ठेच उरले असते.

आमच्या स्वतःच्या कपाटांत एक प्रबंध पंधरा वर्षें पडून आहे. ज्या दोन मुद्द्यांवर तो अडला, त्यांखालीं रेघ ओढून तो छापखान्याकडे धाडण्यास हरकत कोणती होती, याचें समाधानकारक उत्तर आम्हांपाशीं नाहीं.