धाकट्या बॅटरीचा इतिहास

विजेवर चालणारी मोटार आता आपल्या रस्त्यांना नवी राहिलेली नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस. टी. गेली, आणि बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 रोजी, त्याच रस्त्यावर एस. टी.ची विजेवरची ‘शिवाई’ धावली. आता समजा, मंडळी, तुमच्या गावात कुणी अशी मोटार घेतली. बॅटरी काठोकाठ भरून गाडी उभी करून ठेवली, आणि पंधरा दिवसांनी पाहतो तर दार उघडेना, दिवा लागेना, गाडी जागची हलेना. पोटात शेकडो किलोमीटर जाण्याइतकी वीज, आणि गाडी मात्र दगडासारखी! तुम्ही म्हणाल, मोठी बॅटरी बिघडली. तसं नसतं बरं का. पुष्कळ वेळा उतरलेली असते ती एका कोपऱ्यात बसवलेली बारा व्होल्टची लहानशी बॅटरी. ही धाकटी तिथं आली कशी, आणि तिच्याही पाठीशी आणखी एक राखीव बॅटरी ठेवावी असं लोकांना का वाटू लागलं, हे समजायला थोडं मागं जायला हवं.

1859 साली फ्रान्समधल्या गास्तों प्लांते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हापुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली. 1881 मध्ये कामिय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तिची धारणशक्ती वाढवली, आणि तिथून विजेच्या गाड्यांना दिवस आले. 29 एप्रिल 1899 रोजी बेल्जियमच्या कामिय येनात्सी यांनी पॅरिसजवळ विजेची गाडी ताशी 105 किलोमीटरवर नेली. रस्त्यावरच्या गाडीने शंभराचा आकडा ओलांडला तो असा, विजेवर! 1900 साली अमेरिकेत बनलेल्या मोटारींपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक विजेच्या होत्या. पेट्रोलच्या त्याहून कमी.

याचं एक कारण होतं हँडल. पेट्रोलची मोटार सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून लोखंडी हँडल जोरानं फिरवायचं. इंजिनानं उलटा हिसका दिला की मनगट मोडलंच. ‘कॅडिलॅक’चे हेन्री लीलँड यांचे स्नेही बायरन कार्टर 1908 मध्ये वारले, ते अशाच हँडलच्या मारामुळे, असं सांगतात. लीलँड यांना हा उपद्रव थांबवायचा होता. डेटन गावचे चार्ल्स केटरिंग यांनी तो थांबवला. त्यांनी पूर्वी दुकानातल्या रोकड मोजण्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथं त्यांना उमगलं होतं की क्षणभरच काम करायचं असेल, तर लहान मोटरीवरही मोठा भार टाकता येतो. त्यांचा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाडीत आला, आणि त्याला वीज पुरवण्यासाठी शिशाची बॅटरी पेट्रोलच्या गाडीत कायमची बसली.

गंमत पाहा. ज्या बॅटरीवर विजेची गाडी जगत होती, तिनंच पेट्रोलच्या गाडीचं मोठं वैगुण्य काढून टाकलं. विजेची गाडी मागं पडत गेली. ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही नामांकित कंपनीसुद्धा 1939 मध्ये थांबली. पुढे इंजिनं थोर झाली, सहा व्होल्ट पुरेनात, म्हणून 1950 नंतर अमेरिकन गाड्या बारा व्होल्टवर गेल्या. शिशाचा एक घट साधारण दोन व्होल्ट देतो, असे सहा घट एकापुढे एक जोडले की बारा. शिक्षकमित्रांना हा हिशेब वर्गात करून दाखवता येईल. दिवे, भोंगा, वायपर, सगळी सामग्री मग बारा व्होल्टचीच बनू लागली.

म्हणून विजेची गाडी परत आली तेव्हा ही सामग्री आयती तयार होती. पण धाकट्या बॅटरीकडे याहून मोठं काम आलं. मोठ्या बॅटरीचा दाब तीनशे-चारशे व्होल्ट, म्हणजे जिवाशीच गाठ. म्हणून गाडी बंद असताना ती दोन्ही टोकांनी तोडून ठेवतात. जोडणारे स्विच चुंबकाने ओढले जातात, आणि त्या चुंबकाला वीज देते बारा व्होल्टची बॅटरी. अपघातात हा पुरवठा तुटला की स्विच आपोआप सुटतात आणि माणसं वाचतात. वाड्याचा महादरवाजा बंद, आणि किल्ली मात्र दिंडीवरच्या पहारेकऱ्याच्या कमरेला, असा हा प्रकार आहे. पहारेकरी झोपला तर आतल्या भरल्या कोठाराचा उपयोग काय?

गाडी चालू असताना मोठ्या बॅटरीची वीज बारा व्होल्टांवर उतरवून धाकटीला भरणारं एक यंत्र असतं. पूर्वीच्या डायनॅमोच्या जागी हे आलं. तेच बिघडलं तर? 2024 मध्ये ह्युंदाई आणि किया या कोरियन कंपन्यांना नेमक्या अशाच दोषासाठी हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. धाकटी भरत नव्हती, आणि चालत्या गाडीचा जोर जाण्याचा धोका होता. शिवाय गाडी उभी असतानाही कुलपं, संगणक, मोबाईलशी जोडणारी यंत्रणा थोडीथोडी वीज पीतच असतात.

यावर कंपन्यांचे उपाय निरनिराळे. काही गाड्या उभ्या असतानाच मधून जाग्या होऊन धाकटीला भरतात. ह्युंदाईच्या ‘आयोनिक’ हायब्रिडमध्ये धाकटी पूर्ण उतरण्याआधी स्वतःच तुटते आणि बटण दाबल्यावर शिल्लक विजेवर गाडी सुरू करते. मला हा उपाय शहाणपणाचा वाटतो, कारण घरात मूठभर दाणे बियाण्यासाठी राखावेत तसा तो आहे. टेस्लाने 2021 पासून शिशाऐवजी लिथियमची धाकटी बॅटरी घ्यायला सुरुवात केली.

आणि मालक स्वतः दुसरी बॅटरी जोडतो तेव्हा? धनाला धन, ऋणाला ऋण अशी नुसती समांतर जोडणी करून सोडलं, तर एक अशक्त बॅटरी दुसरीलाही रिकामी करते. मध्ये वेगळं करणारा रिले हवा, जो भरताना जोडील आणि उभ्या गाडीत तोडील. बॅटरीजवळच फ्यूज हवा. शिसे आणि लिथियम थेट एकत्र जोडू नयेत, दोघांच्या भरण्याच्या रीती वेगळ्या. नारिंगी रंगाच्या केबलला तर हातच लावू नये, ती मोठ्या बॅटरीची. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. ज्याला एवढा खटाटोप नको, त्यानं हातात मावणारी भरलेली ‘जंप पॅक’ ठेवावी, पण ती डिकीत नव्हे. पुष्कळ गाड्यांची डिकी विजेनेच उघडते, आणि वीज नाही म्हणून तर आपण ती शोधत असतो!