साहेबांची खुर्ची

छबिलदासची गोष्ट जिभाऊ हमखास बटाटेवड्यापासून सुरू करायचे. दादर स्टेशनाजवळच्या छबिलदास गल्लीत श्रीकृष्णचा वडा खायचा आणि मग छबिलदास शाळेत नाटकाला शिरायचं. माझे हे थोरले काका तळोद्याहून बँकेच्या नोकरीसाठी मुंबईला गेलेले. नाटकाचं वेड नव्हतं, खोलीवर करमायचं नाही एवढंच.

अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ काढलं. सुलभाताई या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. १९७४पासून शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग होऊ लागले आणि पुढची दीडेक दशकं मुंबईतल्या प्रायोगिक नाटकाचा पत्ता तोच राहिला. ती जागा काही नाट्यगृह म्हणून बांधलेली नव्हती. खुर्च्या नाटकाला हव्या तशा मांडायच्या, उरलेल्या जमिनीवर नाटक. नट हाताच्या अंतरावर. खाली भाजीवाला ओरडला तर तोही संवादात यायचा. बादल सरकारांचं ‘जुलूस’ अमोल पालेकरांनी केलं, त्यात तर मोर्चा प्रेक्षकांतूनच फिरायचा. शेजारचे लोक दचकायचे. जिभाऊंना मात्र त्यात नवल वाटलं नाही.

कारण लहानपणी हे सगळं त्यांनी सातपुड्यात पाहिलं होतं. आजोबांचं मोलगीच्या बाजाराला जाणं-येणं होतं. हंगाम उरकला की पाड्यांवर सोंगाड्या पार्टी यायची. पुरुषच बाया होऊन नाचायचे, ढोल वाजायचा, मधेच नक्कल, मधेच भांडण, रात्रभर. ना पडदा, ना ओटा. लोक गोल बसले की झालं. जिभाऊ सांगायचे की रिंगण रात्रभर सारखंच राहत नसे. पुढची पोरं सरकत सरकत आत यायची, नाचणाऱ्याला पाय टाकायला जागा उरायची नाही, मग पार्टीतलाच एक जण काठी जमिनीलगत फिरवायचा आणि सगळी पोरं पाय आखडून मागे. घुंगरांची धूळ नाकात जायची. पेट्रोमॅक्सला हवा भरायला कुणी उठला की खेळ तेवढा अंधारात चालायचा.

काठीची राजवाडी होळी त्याहून मोठी. अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव एकेकाळी मेवासी संस्थानाचं. नवस बोललेले गडी अंगभर राखेचे-रंगाचे ठिपके काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून रात्रभर नाचतात. होळी पेटते ती पहाटे. तिथे बघणारा कोण आणि खेळणारा कोण, हे ठरवायला जाऊच नये.

तरी ‘आपल्याकडे हे आधीच होतं’ असं छाती फुगवून म्हणणाऱ्यांवर जिभाऊ चिडायचे. सातपुड्यातल्या माणसाने ओटा नाकारला नव्हता, त्याला तो लागलाच नव्हता. दादरवाल्यांनी तो समजून-उमजून सोडला. मला हा फरक पटतो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती, ती त्यांना कळली गावी परतल्यावर.

बदली होऊन आले आणि चार मित्रांना घेऊन त्यांनी शाळेच्या आवारात एकांकिका बसवली. चारही बाजूंना माणसं, मध्ये सतरंजी. तालमी झाल्या, सगळं जमलं, आणि प्रयोगाच्या संध्याकाळी पाहुण्यांसाठी तीन गादीच्या खुर्च्या आल्या. त्या कुठे ठेवायच्या? पुढे म्हणावं तर पुढे कुठेच नाही. शेवटी पूर्वेला ठेवल्या. दहा मिनिटांत प्रमुख पाहुणे मोठ्याने म्हणाले, “ही पोरं माझ्याकडे पाठ करून काय बोलतात?” नायक बिचारा घाबरून फिरला आणि पुढचं सगळं नाटक त्याच एका खुर्चीकडे तोंड करून बोलला. पश्चिमेची अर्धी माणसं उठून पूर्वेला येऊन बसली. बघता बघता गोलाचा रंगमंच झाला, पडद्यावाचून.

मोठी माय, म्हणजे माझी थोरली काकू, हे सांगताना अजून हसते. त्या रात्री जेवताना आजोबा जिभाऊंना एवढंच म्हणाले होते, “आठे साहेबनी खुर्ची कोठे ठेवशी, भो?” मोलगीला काय, छबिलदासला काय, कुणी असा प्रश्न विचारला नसता. मोलगीला तर मुखियाही कुणाच्या तरी खांद्याआडून मान उंचावून बघायचा.

नाट्यगृहाच्या रचनेवर लिहिणारे प्रकाशयोजनेबद्दल, अंतराबद्दल, नटाच्या आवाजाबद्दल लिहितात. खुर्चीबद्दल लिहीत नाहीत, आणि माझ्या मते खरी भानगड तिथेच आहे. एका बाजूला ओटा बांधला की समोरची पहिली रांग आपोआप जन्माला येते, आणि रांग आली की तिच्यात कुणी बसायचं याचा वाद येतो.

परवा अक्कलकुव्याकडे एक सोंगाड्या पार्टी पाहिली. ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिच्यावर फळ्या टाकलेल्या, बाजूला मोठाले स्पीकर. रिंगण का नाही, असं एका पोराला विचारलं. तो म्हणाला, “काका, गोलात शूटिंग नीट येत नाही. समोरून घेतलं तरच मोबाईलवर सगळे दिसतात.”